भर सभेतलं नाव

गोजरकाकू पाणी कधी एकदम पीत नाही. आधी जिभेवर जरासं घेते, थांबते, अन् मग पेला रिकामा करते. आता आमच्या गावात धरणाचं गोडं पाणी नळाला येतं, आठवड्यातून एकदा का होईना येतं, तरी तिची ही सवय गेली नाही. मी चिडवतो, "काकू, पानी पेते का पानी तपासते?" तर म्हणते, "तू पे रे बावा. तुले काय, तू खाऱ्यातच जलमला."

खरं आहे ते. वरवट बकालच्या आजूबाजूची आमची गावं खारपाणपट्ट्यातली. विहीर कितीही खोल न्या, पाणी लागतं ते मीठ घातल्यासारखं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दुधाचा चहा फाटतो. आम्ही त्यातच वाढलो, आम्हाला वेगळं काही वाटायचं नाही. काकू मात्र देऊळगाव राजाकडची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. लग्न होऊन आली, उंबऱ्यात कोणी तिच्या हातात तांब्या दिला, अन् तिनं पहिला घोट घेतला तो साऱ्या बायांसमोर थुंकला. सासू रागावली. नणंद जनकाबाई पोट धरून हसली. अन् नवरा, गुलाबराव, सायकल घेऊन निघून गेला. नदीच्या अंगाला एका मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती, तिथून डबे भरून घेऊन आला. मग रोजच आणायला लागला. गाव त्याला बायकोचा पाणक्या म्हणायचं, अन् तो हसून हो म्हणायचा.

गुलाबराव मजुरी करायचा अन् गाणी रचायचा. कागदाशी त्याचं जमत नव्हतं. सभेत उभा राहिला की तिथल्या तिथे पद जुळवायचा, डफावर थाप मारून म्हणायचा, अन् दुसऱ्या दिवशी स्वतःच विसरायचा. जयंती असो, मोर्चा असो, कोणाच्या घरचं बारसं असो, गुलाबरावला बोलावणं असायचं. आज त्याचं एक पद गावात कोणाला पुरतं येत नाही. टेप कोणाकडे होता तेव्हा?

पण एवढं पाणी वाहून आणणाऱ्या माणसानं बायकोला नावानं कधी हाक मारली नाही. तो रिवाजच नव्हता. "अवो", "ऐकलं का", फार झालं तर "देऊळगाववाली". काकूनंही त्याचं नाव कधी घेतलं नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा घाबरून तिची वाचाच बसली, म्हणून तिच्या मामीनं तिच्या वतीनं नाव घेतलं. ते राहिलं ते राहिलंच.

आता मी कोण ते सांगतो. मी देवानंद. काकूच्या भिंतीला लागून माझं घर. एसटीत कंडक्टर होतो, शेगाव-पुणे गाडीवर जन्म गेला. पुण्याचे पासिंजर माझं "मले-तुले" ऐकून गालात हसायचे म्हणून मी "मला-तुला" शिकलो, पण राग आला की सारं वऱ्हाडीतच निघतं, अन् राग मला लवकर येतो. रिटायर झालो तेव्हा ओरडायला कोणी उरलं नाही, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला लागलो. रस्ता काऊन उखडला, टाकी काऊन गळते, शाळेवरचे पत्रे कुठं गेले. माझी बायको मंजुश्री म्हणते, "यायले आता सरकार नावाचा एक पासिंजर भेटला."

तर एक दिवस काकू भिंतीवरून म्हणाली, "देवा, तू सरकारले कागद मागतं ना. मले एक गानं मागून दे."

मला हसू आलं. "काकू, सरकार रस्ते ठेवत नाई, गानं ठेवीन का?"

"ठेवलं हाय. एक मानूस लिहून घेत व्हता. जनकीले विचार."

जनकाबाई पलीकडच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "विचार, विचार. म्या कुठी पळून चालली."

मग दोघींच्या तोंडून जे निघालं ते असं. नामांतराच्या चळवळीच्या आगेमागे कधी तरी वरवट बकालला बाजाराच्या पटांगणात मोठी सभा भरली होती. मागणी एकच, आमच्या गावांना गोडं पाणी द्या, नाही तर तहसिलीवर मोर्चा आणू. मी तेव्हा शेगावला मावशीकडे शिकायला होतो, नाही तर हा सारा खटाटोपच नसता. काकू बाळंतपणाला माहेरी गेली होती, पुष्पांजली पोटात होती. गुलाबरावनंच पाठवलं होतं. पहिलं लेकरू, अन् तिला खारं पाणी नको म्हणून.

सभेत पिंपळाखाली एक परका माणूस वहीत लिहीत बसला होता. साधा सदरा, पायात चपला. आमच्या लोकांना वाटलं पेपरवाला आहे. त्याला बसायला पोतं टाकलं, चहा दिला. गुलाबराव तर इतका खुश झाला, की पदाचं कडवं त्याच्याकडे पाहून दुसऱ्यांदा म्हणाला, सावकाश, एकेक शब्द सोडून, म्हणजे त्याला नीट उतरवता यावं. पुढच्या हप्त्यात पोलीस गावात आले अन् कोण काय बोललं ते तोंडपाठ सांगायला लागले, तेव्हा कळलं तो कोणत्या पेपरचा होता.

"अन् त्या कडव्यात माहं नाव व्हतं," काकू म्हणाली.

"नोतं," जनकाबाई म्हणाली.

सारं घोडं इथं अडलं होतं. सभा झाली अन् पंधरवड्यात गुलाबराव काविळीनं गेला. काकू ओली बाळंतीण, तान्ही पोर घेऊन एसटीनं आली तोवर सारं आटोपलं होतं. तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. त्या रडारडीत जनकाबाईनं तिच्या गळ्यात पडून सांगितलं, "वहिनी, दादानं भर सभेत तुह्यं नाव घेतलं." काकू म्हणते, त्या एका वाक्यावर ती उठून उभी राहिली. तेच वाक्य धरून तिनं पोर वाढवली, निंदायला गेली, कापूस वेचला, पुष्पांजलीला शिकवलं, शेगावला दिली.

पण पुढं कधी तरी दोघींचं भांडण झालं. कशावरून, तर कोंबडीवरून. कोंबडी कोणाची होती ते आजही ठरलेलं नाही. त्या रागात जनकाबाई बोलून गेली, "नाव-गिव काई नोतं. दादा भुईले म्हनत व्हता. साजरी-गोजरी भुई माही, तिले पाजा गोडं पानी, असं व्हतं थे." आता आमच्या बोलीत साजरी म्हणजे छान, गोजरी म्हणजे देखणी. दोन्ही शब्द जोडीनंच येतात. काकूचं नाव गोजर, अन् गाण्याच्या ओघात दोन्ही एकच वाटतात. शाहीर माणूस भुईला साजरी-गोजरी म्हणणार नाही तर काय म्हणणार? त्या दिवसापासून काकूच्या मनात किडा शिरला. भांडण मिटलं, दोघी पुन्हा एका ताटात जेवायला लागल्या, पण जनकाबाईनं शब्द मागं घेतला नाही. अन् ढोलकीवाला भगवानराव गेला, टाळवाले गेले, विचारायला कोणी राहिलं नाही.

मी काकूला म्हणालो, "काकू, आता या वयात काय करतं तू ते जानून? नाव असो का भुई असो. मानूस तं तुहाच व्हता."

तिनं भिंतीवर हात टेकले. मग म्हणाली, "देवा, तो गेला त्याचं दुख नाई राह्यलं आता. लय वर्स झाले. त्याचा चेहरा बी पुसट झाला. पन मले कोनी 'गोजर' म्हनून हाक मारली ना, का मले वाटते, त्यानं मारली असती तं कशी वाटली असती. एकडाव तरी त्यानं म्हनलं का नाई, येवढंच पायजे मले."

मी आत गेलो अन् अर्जाचा नमुना काढला. माझ्याकडे माझ्या नावपत्त्याचे छापील नमुने असतात, त्यातलाच एक भरला. गावाचं नाव, सभेचं साल अंदाजानं, शाहीर गुलाबराव यांनी म्हटलेल्या पदाची नोंद. तिकीट लावलं अन् पोलीस खात्याकडे पाठवून दिला.

उत्तर आलं ते एका ओळीचं. मागितलेली माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही. माझं टाळकंच सरकलं. बह्याड लेकहो, पिण्याच्या पाण्यावरचं गाणं गोपनीय? अपील केलं. वरच्या साहेबानं तीच ओळ पाठवली, फक्त तारीख बदलून. तोवर उन्हाळा लागला होता. रोज संध्याकाळी काकू भिंतीपाशी यायची, विचारायची नाही, नुसती उभी राहायची. मी मान हलवली की परत जायची. पलीकडून जनकाबाई म्हणायची, "सरकारले काय धंदे नाईत का तुहे गाने सांभाळत बसाले?" पण पोस्टमनची सायकल वाजली की तीही शेंगा सोडून उभी राहायची, हे मी पाहिलं आहे.

शेवटी मी बुलडाण्याला गेलो. कचेऱ्या फिरलो. एका ठिकाणी टेबलावर हात आपटून ओरडून राहिलो होतो, तेव्हा आतल्या खोलीतून एक बाई बाहेर आली. सुचिता म्हणून, जुन्या कागदांचं काम तिच्याकडे होतं. म्हणाली, "काका, ओरडू नका, सकाळपासून माझं डोकं दुखतंय. कशाचा कागद पाहिजे?"

मी सांगितलं. सांगता सांगता राग उतरला, अन् कोंबडीपर्यंत सारं सांगून बसलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या वेळी पोलिसांच्या सभेच्या अहवालाची एक प्रत इथं कलेक्टर कचेरीतही यायची. पोलिसांकडचं पोलिसांकडं. आमच्याकडच्या गठ्ठ्यांवरचा गोपनीयचा शिक्का एवढ्या वर्षांनी रद्द झालाय. वाळवीनं ठेवलं असेल तर मिळेल. इथं नवा अर्ज टाका."

मी तिथंच बसून टाकला. येताना गाडीत मला वाटलं, गुलाबराव, तू बी काय मानूस. ज्याच्यापासून लपायचं त्यालाच एकेक शब्द उतरवून दिलास. पण तो लपला असता तर आज आम्ही कोणाकडे मागितलं असतं?

पाकीट आलं ते पोळ्याच्या आधल्या दिवशी. मंजुश्रीनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला. मी पाकीट न फोडताच काकूच्या अंगणात गेलो. जनकाबाई बोलावल्याशिवाय येऊन बसली. काकूनं हात धुतले, पदराला पुसले, अन् माझ्यासमोर खाली बसली. मी चष्मा लावला.

वर एक पत्र होतं. अर्जदारानं मागितलेल्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे, त्यातली त्रयस्थ व्यक्तींची नावं झाकली आहेत, असं त्यात होतं. खाली जुन्या टाइपातल्या कागदाची झेरॉक्स. कोपऱ्यात गोपनीय असा शिक्का अन् त्याच्यावर आडवी रेघ. मी वाचायला लागलो.

"सदर सभा वरवट बकाल येथे बाजाराच्या पटांगणात भरली. स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने हजर होते. अध्यक्षस्थानी..." इथं काळी पट्टी. "ढोलकीवर साथ..." पुन्हा काळी पट्टी.

"इथी काळं काऊन केलं?" जनकाबाई डोकावून म्हणाली.

"नाव झाकलं, आत्या. कोन्या मानसाचं नाव आलं का थे झाकतेत. गुलाबकाकाचं उघडं हाय, कारन अर्जच त्याच्यासाठी व्हता."

"झाकून काय उपेग. ढोलकीवर भगवानराव व्हता, साऱ्या गावाले ठाऊक हाय." अन् अध्यक्ष कोण होते तेही तिनं सांगून टाकलं.

मी पुढं वाचलं. "पिण्याच्या पाण्याबाबत तक्रारी मांडण्यात आल्या. सभेत मला देण्यात आलेला चहा घेतला. तक्रार खरी आहे." त्या अनोळखी पोलिसाबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"यानंतर शाहीर गुलाबराव यांनी पद म्हटले. सदर इसमाने माझ्याकडे पाहून एक कडवे सावकाश दुसऱ्यांदा म्हटले व 'लिहून घ्या साहेब, चुकू देऊ नका' असे सांगितले."

काकूच्या तोंडून हसू निघालं. "हाव," ती म्हणाली. "असाच व्हता." अन् पदर डोळ्यांना लावला.

मी घसा साफ केला.

"कडवे खालीलप्रमाणे.
खारे पाणी, खारी भाकर, खारी झाली वाणी,
साजरी..."

मी थांबलो. साजरीच्या पुढं काळी पट्टी होती. जाडजूड, मार्करनं दोनदा फिरवलेली. कागद उजेडाला धरला, उलटा केला. झेरॉक्सच ती, मागं काय दिसणार.

"थांबला काऊन?" काकू म्हणाली. "पुढं वाच."

"साजरी," मी म्हणालो, "इथी काळं हाय, काकू. मंग 'माझी, तिला पाजा गोडे पाणी.'"

माझ्या अंगाची आग आग झाली. ज्या एका शब्दासाठी ही बाई जन्मभर झुरली, साऱ्या कागदावर तोच यांनी काळा करावा? मी उठून उभा राहिलो. तोंडाला येईल ते बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग म्हणालो, "काकू, तू काळजी नोको करू. अर्ज माह्या नावानं गेला ना, म्हनून त्यायनं तुले परकं धरलं. आता तुह्या नावानं टाकू, अंगठा तुहा घेऊ. तुह्यापासून कसं झाकतीन? मी उद्याच बुलडाण्याले जातो."

"देवा, बस," काकू म्हणाली.

मी बसलो.

"हे काळं कशावर लावतेत म्हनलं तू?"

"नावावर."

"मानसाच्याच?"

"मानसाच्याच."

"गावाचं नाव झाकलं का त्यायनं?"

मी पाहिलं. "नाई. वरवट बकाल उघडं हाय."

"पान्याचं?"

"पानी बी उघडं हाय."

"मंग भुई असती तं भुईवर लावलं असतं का काळं?"

मी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. भुईवर कोण कशाला काळं लावेल? साजरी-गोजरी हा शब्द असता तर तसाच राहिला असता. ते नाव होतं. एका बाईचं नाव होतं, अन् परक्यांच्या नजरेला पडू नये म्हणून सरकारनं ते झाकलं होतं.

काकूनं कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. मी बोट धरून तिला ती जागा दाखवली, अन् तिनं माझं बोट बाजूला करून तिथं आपलं ठेवलं. "लेकराले नजर लागू नाई म्हनून काजयाचं बोट लावतेत ना," ती म्हणाली, "तसं दिसते."

जनकाबाई खाली मान घालून बसली होती. तशीच म्हणाली, "म्या पह्यलं तुले तेच तं सांगतलं व्हतं, वहिनी." अन् तिचा आवाज फाटला. काकूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कोंबडीचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही.

"मंग अर्ज टाकू ना उद्या?" मी विचारलं. "काळं निघून जाईन."

"नोको. राहू दे तसंच." मग ती म्हणाली, "पुन्हा वाच. त्याच्यासारखं वाच, पोलिसासारखं नोको."

मी समजलो. पोलिसानं घातलेले 'खारे पाणी', 'वाणी' असले पुस्तकी शब्द काढून टाकले अन् गुलाबरावनं म्हटलं असेल तसं, आमच्या बोलीत म्हणायला लागलो. चाल मला ठाऊक नव्हती. नुसतं सावकाश, एकेक शब्द सोडून म्हणालो.

"खारं पानी, खारी भाकर, खारी झाली वानी, साजरी..."

काळ्या पट्टीपाशी मी थांबलो. वाटलं, आता ती आपलं नाव स्वतः म्हणेल. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. नदीकडं जाणाऱ्या वाटेकडं पाहत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लग्नात करतात तसा, अन् लहान आवाजात, पण स्पष्ट, म्हणाली,

"गुलाबराव."